काचेपलीकडच्या देशात, हिराबाईंबरोबर

मी आजवर दोनदा परदेशी जाऊन आलो. दोन्ही वेळा संध्याकाळी साडेसातला शहापूरला घरी परत होतो, आणि दोन्ही वेळा बायकोनं दारातच विचारलं, "जेवून आलात, की वाढू?" परदेशाहून आलेल्या माणसाला विचारायची ही पद्धत नव्हे, पण तिला सवय नव्हती.

हा देश मुंबईत आहे. एका उंच काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. देशाचं नाव मी सांगणार नाही, कारण हिराबाईंना तिथं पुन्हा जायचंय आणि त्या लोकांच्या रागाचा भरवसा नाही. लोक त्याला वकिलात म्हणतात. क्षेत्रफळ आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांएवढं. हवामान बारा महिने थंड. वस्ती काचेच्या आत पाच माणसांची, काचेबाहेर साठेक. मुख्य उद्योग टोकन देणे. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांना जावं लागणार आहे, त्यांनी स्वेटर न्यावा.

वैशाखरे

माझं शहापूरला घर, पण नोकरीतली पहिली अकरा वर्षं गेली ती वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या शाळेत. एक खोली, एक मास्तर, चार वर्ग. हिराबाई त्या वाडीतल्या. वाडीची सुईण. त्या भागात तिशी-चाळिशीतलं जे कुणी माणूस दिसेल, त्याला या जगात ओढून आणलं ते हिराबाईंच्या हातांनी, आणि शाळेत ओढून आणलं ते मी. आमच्या दोघांचं गिऱ्हाईक एकच.

त्यांना दोन मुलं. थोरली मंगल, धाकटा संतोष. मंगल नर्स झाली, परदेशी गेली, तिथंच लग्न केलं. संतोष आसनगावजवळच्या कंपनीत आहे. तो एक दिवस बाईकवरून माझ्या घरी आला आणि चपला न काढताच उंबऱ्यातून म्हणाला, "गुरुजी, ताईला सातवा लागलाय. मागच्या टायमाला तिचं पोर राह्यलं नाय, म्हायती हाय ना तुमाला. तिला आई पायजे. आईला व्हिसा पायजे. आनि मला कंपनी सुट्टी देत नाय."

"मग?"

"मग तुमीच जा. तुमाला इंग्रजी येतं."

माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापर्यंतचं आहे. पण मंगलला मी हाताला धरून पहिलं अक्षर गिरवायला लावलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी किन्हवलीवरून सरळगाव आणि तिथून जीपनं वैशाखरे गाठलं. वाडीपर्यंतचा चढ चढताना माझ्या गुडघ्यांनी मला निवृत्तीच्या वयाची आठवण करून दिली. हिराबाईंनी नागलीची भाकर, सुक्या जवळ्याची चटणी आणि अळूचं फदफदं पुढं ठेवलं. ताट उचलल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, अख्ख्या वाडीच्या बाया मोकळ्या केल्या मी. आडवं पोर, पायाळू पोर, सगळी काढली. आनि माझी पोर तितं एकली अडनार, ह्ये मला झेपत नाय."

मी म्हटलं, "आधी त्यांना फोन करू."

वाडीत मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, पाण्याच्या टाकीवर. म्हणून एक निवृत्त मास्तर आणि एक सुईण लोखंडी शिडीनं टाकीवर चढले. वकिलातीच्या मदत क्रमांकावर एका बाईनं इंग्रजीसाठी एक दाबायला सांगितलं, हिंदीसाठी दोन. मराठीसाठी काही दाबायचं नव्हतं. मग तुमचा कॉल आम्हाला फार मोलाचा आहे असं सांगून तिनं वाजंत्री लावली. बावीस मिनिटं आम्ही उन्हात टाकीच्या झाकणावर बसून ती वाजंत्री ऐकली. खाली चार बायका हंडे घेऊन जमल्या आणि वर काय कार्यक्रम आहे ते विचारू लागल्या.

तेविसाव्या मिनिटाला एक खरा माणूस बोलला. मी चौथीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, ही सगळी माहिती वेबसाइटवर आहे, आणि आणखी काही मदत हवी का? आणखी म्हणजे कशाच्या वर, हे विचारेपर्यंत फोन कटला.

"काय बोल्ला?" हिराबाईंनी विचारलं.

"या म्हणाला."

खोटं होतं, पण एवढा वेळ टाकीवर बसलेल्या बाईला दुसरं काय सांगणार?

परदेश, पहिला मुक्काम

अर्ज संतोषनं मोबाईलवर भरला, तारीख मिळाली आणि आम्ही निघालो. प्रवासाचं वर्णन मी करत नाही. गाडीत बसलो, उतरलो.

सरहद्दीवर, म्हणजे इमारतीच्या दारात, एक तपासणी यंत्र होतं. मी सुटलो. हिराबाई शिरल्या तसं ते कोकलायला लागलं. दोन गार्ड धावले. हिराबाईंनी कमरेची चंची सोडून टेबलावर उपडी केली. सुपारी, तंबाखू, आणि चुन्याची पितळी डबी. डबी उघडली गेली. एका गार्डनं आतल्या पांढऱ्या पदार्थाकडे पाहिलं, दुसऱ्यानं साहेबांना बोलावलं, साहेबांनी वास घेतला. एवढ्यात तिसरा गार्ड पुढं झाला आणि हसत म्हणाला, "साहेब, चुना हाय तो. माझी आय पन खाते." तो किन्हवलीकडचा निघाला. परदेशात आपला माणूस भेटल्याचा आनंद म्हणतात तो मला सरहद्दीवरच मिळाला.

पण चंची आत न्यायला परवानगी नव्हती. भाकरीच्या गाठोड्यालाही नव्हती. मोबाईलला नव्हती. छत्रीला नव्हती. पिशवीलासुद्धा नाही, कागद तेवढे हातात धरायचे. "मावशी, समोर ज्यूसवाला हाय, त्याच्याकडं ठेवा," गार्ड म्हणाला. आमचं सगळं सामान उसाच्या रसवाल्याच्या स्टुलाखाली गेलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या अर्जदाराबरोबर एक मदतनीस चालतो असा तिथला नियम होता, म्हणून मला आत सोडलं.

आत खुर्च्या सुंदर. कुणीही कुणाशी बोलत नाही. आमच्या मुरबाडच्या तहसील कचेरीत बसायला जागा नसते, पण अर्ध्या तासात शेजारच्याची जमीन, जावई आणि मूळव्याध तुम्हाला कळलेली असते. इथं साठ माणसं भिंतीवरच्या लाल आकड्याकडे आरतीला उभं राहावं तशी बघत होती. आमचा आकडा एकोणपन्नास होता. दोन तासांत भिंतीवरचा एकोणचाळिसावर आला आणि मग जेवणाची सुट्टी झाली. जेवणाच्या सुट्टीचं टायमिंग मात्र मुरबाडसारखंच पाळतात.

अखेर खिडकी. काचेआड टाय लावलेला एक मुलगा, आपल्याच इकडचा, पण बोलायचा इंग्रजीत. त्यानं विचारलं, जायचं कारण काय?

मी मराठीत सांगितलं. हिराबाई काचेला तोंड लावून म्हणाल्या, "पोरीचं बाळंतपन करायला."

मुलगा दचकला. त्यानं आवाज खाली आणून मला हिंदीत समजावलं की, असं म्हणू नका. बाळंतपण करणं म्हणजे काम करणं. काम करायला जायचं तर वेगळा व्हिसा, वेगळा फॉर्म, वेगळी खिडकी. फॉर्मवर जे चौकोन आहेत त्यातला एक निवडा. त्यानं चौकोन वाचून दाखवले. व्यापार, शिक्षण, परिषद, पर्यटन.

"पर्यटन म्हंजी काय वो गुरुजी?"

"फिरायला जाणं."

"मी कशाला फिरू? माझी पोर तितं अडलीय, आनि मी काय डोंगर बगत हिंडू? डोंगर काय वैशाखऱ्याला नायत?"

मुलानं पर्यटनाच्या चौकोनात खूण केली. नाणेघाट रोज डोळ्यांसमोर असलेली बाई सरकारी कागदावर पर्यटक झाली. मी विचारलं, किती दिवस लागतील? तो म्हणाला, ते आम्ही सांगू शकत नाही, आम्ही फक्त कागद घेतो. कोण सांगू शकेल? ईमेल करा. कुणाला? पत्ता वेबसाइटवर आहे.

बाहेर पडून आम्ही फुटपाथवर एका झाडाखाली भाकरी खाल्ली. समोरून जाणाऱ्या साहेब लोकांना जवळ्याच्या वासानं चांगलंच हलवलं. रसवाल्यानं मात्र अर्धी भाकर मागून घेतली आणि गाठोड्याचं भाडं माफ केलं.

शहापूर

मी ईमेल केला. दोन मिनिटांत उत्तर आलं. एवढ्या तत्परतेनं मी भारावून गेलो. उत्तरात लिहिलं होतं की तुमचा ईमेल मिळाला, आणि या ईमेलला उत्तर देऊ नये. नंतर मी सहा ईमेल केले आणि सहा वेळा माझे ईमेल मिळाल्याचं मला कळवण्यात आलं.

मंगलला आठवा लागला तेव्हा पत्र आलं. "प्रिय अर्जदार" अशी प्रेमळ सुरुवात होती. पुढं लिहिलं होतं की, अर्जदारानं मुलगी मंगल आणि मुलगा संतोष यांचे शाळेचे दाखले जोडले आहेत. मुलीची जन्मतारीख एक जून. मुलाची जन्मतारीख त्याच वर्षातली एक ऑक्टोबर. एकाच स्त्रीला चार महिन्यांच्या अंतरानं दोन मुलं होणं शक्य नाही. सबब अर्जदार ही मुलीची आई असल्याचं सिद्ध होत नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा, किंवा रक्ताची तपासणी करून घ्यावी, जिला सहा ते आठ आठवडे लागतील.

मी पत्र दोनदा वाचलं. मग संतोषनं दिलेली दाखल्याची नक्कल काढून बघितली. दाखला नवीन छापलेला होता, पण तो ज्या रजिस्टरवरून काढला त्या रजिस्टरातलं अक्षर कुणाचं, हे मला पाहायची गरज नव्हती. ते माझं होतं.

तो दिवस मला लख्ख आठवला. शाळा नवीन होती, पट भरायचा होता, नाहीतर शाळा बंद. मी घरोघर फिरत होतो. जन्माची नोंद कुणाचीच नाही, सगळी बाळंतपणं घरात. मी विचारायचो, पोर कधीचं? आई सांगायची, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या टायमाला, नाहीतर शिमग्याला. मग मी अंदाजानं वर्ष काढायचो आणि तारीख टाकायचो एक जून, म्हणजे शाळा उघडायच्या दिवशी वय बरोबर बसतं. आसपासच्या शाळांतले जुने मास्तर हेच करत होते, नंतरचेही हेच करत राहिले. ज्यांना आम्ही गाठू शकलो नाही त्यांना पुढं आधार कार्डवाल्यांनी गाठलं आणि एक जानेवारी दिली. हिराबाईंच्या पासपोर्टवर तीच आहे. सरकारदप्तरी आमच्या डोंगरात माणसं वर्षातून दोनच दिवशी जन्मतात.

हिराबाईंच्या घरी दोन मुलं होती. संतोष लहान होता, वयात बसत नव्हता, पण मला पटावर आणखी एक नाव हवं होतं. दोघांना एक जून टाकली असती तर जुळी दिसली असती आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं असतं, जुळ्यांत एक एवढा बुटका कसा? म्हणून मी डोकं लढवलं आणि संतोषला एक ऑक्टोबर दिली. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो.

आता माझ्या त्या हुशारीपायी एका मुलीची आई तिची आई राहिली नव्हती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग निस्तरा."

मुरबाड

तालुक्याच्या कचेरीत मी सकाळी दहाला पोचलो. रजिस्टरातली जन्मतारीख बदलायची तर काय करायचं, असं विचारल्यावर तिथल्या कारकुनानं चष्मा वर केला. पन्नाशीचा, शांत माणूस.

"शाळेचा अर्ज, मग इथनं वर, मग ठाण्याला, मग परत इथं. चार महिने धरा, गुरुजी."

चार महिने! तेवढ्यात कागदोपत्री हिराबाईंना आणखी एक लेकरू झालं असतं.

मी तिथंच खुर्चीत बसून त्यांना सगळं सांगितलं. मंगल, आठवा महिना, टाकी, पर्यटन, एक ऑक्टोबर. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग मागच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून त्यांनाही ऐकवायला लावलं. चहा आला. मुरबाडच्या कचेरीला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत आणि पुढंही घालीन, पण तिथं माणसाला बोलून घेता येतं, हे त्या दिवशी मला जाणवलं.

"माझी पन एक जूनच हाय," कारकून म्हणाले. "आमच्या मास्तरांची देन. गुरुजी, रजिस्टर बदलू नका. ज्यानं लिवलं त्यानंच लिवून द्यावं की ह्ये असं असं झालंय. परतिज्ञापत्र करा."

"म्हणजे मी खोट्या तारखा लिहिल्या असं शपथेवर सांगू?"

"लिवल्या का नाय?"

कचेरीबाहेर चिंचेखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे मी गेलो. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका मास्तरांना तिथूनच फोन लावला, तर ते ओरडले, "वेडे झालात का? पेन्शन अडकवतील! इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि तुम्ही आपणहून कबुली देताय?" मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी दहा मिनिटं चिंचेखाली नुसता उभा राहिलो.

टायपिस्ट कंटाळून म्हणाला, "गुरुजी, काय टाकू? चूक झाली, का चूक केली?"

"केली," मी म्हणालो. "केली टाक."

परदेश, दुसरा मुक्काम

खुलासा द्यायला पुन्हा तारीख मिळाली. या वेळी चुन्याची डबी आम्ही घरीच ठेवली होती. किन्हवलीच्या गार्डनं विचारलं, "मावशी, चुना कुटंय?" आणि दोघं हसले. आमची या देशात ओळख झाली होती.

या खेपेला टोकन घेऊन आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. काचेआड खुद्द परदेशी साहेब. पोरसवदा, गोरा, लालसर, अत्यंत सभ्य. शेजारी दुभाषी म्हणून पुण्याकडच्या एक बाई. साहेबांनी सांगितलं की तुमचा त्रास मी समजू शकतो. पुढच्या अर्ध्या तासात हे वाक्य त्यांनी पाच वेळा म्हटलं. माझा त्रास त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजला होता. अडलं होतं ते बाकीचं.

मी प्रतिज्ञापत्र काचेच्या फटीतून सरकवलं. दुभाषी बाईंनी ते इंग्रजीत वाचून दाखवलं. मध्येच त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

साहेबांनी विचारलं, "या तारखा तुम्ही मनानं लिहिल्या?"

"हो."

"अशा किती मुलांच्या?"

"सगळ्यांच्या. तीन शाळांत."

"पण का?"

शाळेचा पट, आवणी, शिमगा, जून महिना हे त्या साहेबांना कसं समजवावं? मी म्हटलं, "मुलं शाळेत यावीत म्हणून. नाहीतर मंगल नर्स होऊन तुमच्या देशात आलीच नसती."

साहेबांनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, त्याकडे पाहिलं आणि ते दुभाषी बाईंना दाखवलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे. माझ्याही मास्तरांना पट भरायचा होता.

साहेब हसले नाहीत. ते हिराबाईंकडे वळले आणि दुभाषी बाईंनी विचारलं, "आजी, तुमच्या मुलांच्या खऱ्या जन्मतारखा काय?"

"तारखा गुरुजींनी दिल्या," हिराबाई म्हणाल्या. "मी पोरं दिली."

"अंदाजे तरी?"

"अंदाजे कशाला? मंगल आवणीला झाली. मी वावरात रोपं लावत होते, तिसऱ्या खाचरात कळा आल्या. तिच्यामागं एक शिमगा गेला, दुसरा आला, त्या दुसऱ्या शिमग्याला संतोष. होळी पेटली नि तो रडला." त्या काचेच्या जवळ सरकल्या. "बाई, सायबाला सांग. चार म्हयन्यांत दोन पोरं गाईला होत नायत, म्हशीला होत नायत. मी सुईन हाय, मला काय ठावं नाय? तुमाला पटत नसंल तर वाडीला चला. घराच्या मागं दोघांच्या नाळा पुरल्यात. दोन जागा हायत, येगळ्या येगळ्या. मी दाखवते."

दुभाषी बाईंना त्यांची बोली निम्मीच कळली असावी, कारण त्यांनी मला दोनदा मध्येच विचारलं. पण नाळेचं त्यांनी बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, आम्ही प्रत्यक्ष जागेवर पाहणी करत नाही.

"मग न बगताच नाय म्हन्ता?" हिराबाई म्हणाल्या. "ऐका, मागचं पोर पोटात मेलं तवा मी हितं व्हते नि ती तितं. ती फोनवर रडत व्हती, मी टाकीवर बसून ऐकत व्हते. मला त्या फोनमधून हात घालता येत नव्हता. आता मी तितं पायजे. बाकी तुमच्या कागदात काय बी लिवा. फिरायला आली म्हना."

दुभाषी बाईंनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, सावकाश. साहेबांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, तुम्हाला कळवण्यात येईल.

मी विचारलं, "कधी?"

ते म्हणाले, "मी तुमचा त्रास समजू शकतो."

बाहेर आल्यावर मला इतका संताप आला होता की रसवाल्यासमोरच मी त्या देशाला, त्याच्या टायवाल्या मुलाला आणि लाल आकड्याला मराठीतून धुऊन काढलं. हिराबाईंनी शांतपणे रस प्यायला. म्हणाल्या, "पोरगा वाईट नाय वो. त्याला कुनी हात धरून शिकवलं नाय."

पुन्हा मुरबाड

त्यानंतर सोळा दिवस. वेबसाइटवर रोज एकच वाक्य, अर्जावर काम चालू आहे. मंगलला नववा लागला. हिराबाई रोज संध्याकाळी टाकीवर चढून तिच्याशी बोलायच्या, आणि उतरायच्या आधी मला फोन करून विचारायच्या, "आलं का?" मला त्या फोनची धास्ती बसली होती.

सतराव्या दिवशी कुरिअरवाल्याचा फोन आला. वैशाखरे आमच्या हद्दीत येत नाही, मुरबाडला येऊन न्या. हिराबाई जीपनं आल्या, मी शहापूरहून गेलो. पाकीट मिळालं. मुरबाडच्या एसटी स्टँडवर, भेळेच्या गाडीशेजारच्या बाकावर आम्ही बसलो. त्या म्हणाल्या, "तुमीच फोडा. तुमीच लिवलं व्हतं."

मी पासपोर्टची पानं उलटत गेलो. पहिलं कोरं. दुसरं कोरं. तिसरं कोरं. पाचव्या पानावर व्हिसा चिकटवलेला होता. वर हिराबाईंचा फोटो, खाली एक जानेवारी, आणि त्याखाली छापलेलं, पर्यटक.

"हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि त्या स्टँडवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडल्या. भेळवाल्यानं न मागता दोन भेळी आणून दिल्या. मीही चष्मा पुसला, तिखटामुळे म्हणालो.

शहापूर, घरी

हिराबाई कशा गेल्या ते मी लिहीत नाही, कारण मी पाहिलं नाही. संतोषनं विमानतळावर सोडलं. चंचीत चुना नव्हता, पण डिंक, खारीक आणि नागलीचं पीठ होतं, आणि तिकडच्या सरहद्दीवर ते सगळं उघडून वास घेण्यात आला, असं नंतर कळलं.

बारा दिवसांनी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग हिराबाईंचं अर्धं कपाळ, मग मंगल. थकलेली, हसणारी. ती म्हणाली, "गुरुजी, मुलगी झाली. आईनं हात सोडला नाही शेवटपर्यंत. इथल्या डॉक्टरीणबाई आईला विचारत होत्या, तुम्ही कोण?"

"मग काय सांगितलं?"

"आई म्हणाली, पर्यटक."

हिराबाईंनी फोन हिसकावला. "गुरुजी, हितं पोरीच्या पायाला पट्टी बांधलीय. तारीख, टाइम, मिनिटं, सगळं लिवलंय. थांबा, दाखवते." पडद्यावर एक इवलासा पाय आला आणि त्यावरची पट्टी. अक्षरं बारीक होती. मी बायकोला हाक मारून चष्मा मागवला, वही मागवली, आणि मंगलला ते सावकाश वाचायला सांगितलं.

तिनं तारीख सांगितली. वर्ष सांगितलं. किती वाजून किती मिनिटं ते सांगितलं. मी एकेक आकडा पुन्हा म्हणून दाखवत वहीत उतरवून घेतला. त्या डोंगरातल्या शेकडो पोरांची नावं मी लिहिली असतील, पण खरी जन्मतारीख मी आज पहिल्यांदा लिहीत होतो.

"बरोबर लिवली ना?" हिराबाई पलीकडून ओरडल्या. "नायतर टाकाल एक जून!"